शब्द हवा आहे: ‘रडी’ आणि ‘छळ’ यांच्या मधला

प्रश्न

माझी मुलगी नववीत आहे, आम्ही कोथरूडला राहतो. रात्री जेवणानंतर ती तासभर पाच-पाच जणांच्या टीमचा एक ऑनलाइन गेम खेळते. परवा तिनं मधेच हेडफोन काढला आणि गप्प बसून राहिली. विचारलं तर म्हणाली, “टॉक्सिक आहेत गं.” समोरची टीम नव्हे, तिच्याच टीममधले दोघं. माइकवर मुलीचा आवाज ऐकला तेव्हापासून घाण बोलत होते, मुद्दाम तिच्या वाटेत उभं राहून तिला मरू देत होते. सामना संपल्यावर दोघांनी तिचं नाव शोधून पुन्हा पुन्हा रिक्वेस्ट पाठवल्या.

मी म्हटलं, “रडीचा डाव खेळतात मेले.” ती म्हणाली, “नाही आई, चीटिंग नाही केलं त्यांनी.”

तिचं बरोबर आहे. मग याला मराठीत काय म्हणायचं? ‘टॉक्सिक’ सगळ्यालाच चिकटतो, त्यामुळे नेमकं काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

प्रतिसाद

पिदवणे. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात एकावरच सारखं राज्य आणून दमवायचे, त्याला पिदवणं म्हणत.

प्रतिसाद

पिदवणं चांगला शब्द आहे, पण इथे बसत नाही असं मला वाटतं. पिदवणाऱ्यानं नियम मोडलेला नसतो आणि त्याचा रोख तुमच्यावरचं राज्य टिकवण्यावर असतो. मेलेला खेळाडू जिथे परत उभा राहतो तिथेच दबा धरून त्याला पुन्हा मारायचं, याला स्पॉन कॅम्पिंग म्हणतात. ते पिदवणं. राग येतो, पण तो डावाचा भाग आहे.

भिंतीपलीकडचं दिसावं म्हणून हॅक वापरणं ही अंचई, म्हणजे खेळातली लबाडी. (पुण्याबाहेर हा शब्द कितपत चालतो, कुणी सांगावं.) खो-खोला 1914 साली डेक्कन जिमखान्यावर नियम मिळाले, डबडा ऐसपैसला कधीच मिळाले नाहीत. तिथे पंचाचं काम शब्दच करायचे. कुणी ‘अंचई!’ ओरडलं की डाव थांबायचा.

आणखी एक प्रकार म्हणजे स्मर्फिंग. तरबेज खेळाडू नवं खातं काढून नवशिक्यांत शिरतो आणि त्यांना झोडपतो. हा शब्द 1990च्या दशकातल्या वॉरक्राफ्ट 2च्या खेळाडूंकडून आला. आपल्याकडे लहानग्याला लिंबूटिंबू करून सांभाळून घेत. इथे मोठाच लिंबूटिंबू बनून येतो. ‘खोटा लिंबूटिंबू’ म्हणायला हरकत नाही.

तुमच्या मुलीच्या बाबतीत जे झालं ते यातलं एकही नाही. तिथे तिच्या खेळाशी कुणाला देणंघेणंच नव्हतं, रोख तिच्यावर होता. मी सरळ ‘छळ’ म्हणेन. सामन्यानंतर मागे लागले त्याला ‘पिच्छा पुरवणं’. स्त्रीनं स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुषानं वारंवार संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, इंटरनेटवरची पाळतही त्यात येते. तेव्हा शब्द मवाळ करू नका.

प्रतिसाद

छळ शब्दाचीच गंमत पाहा. संस्कृतात ‘छल’ म्हणजे कपट, हिंदीत अजूनही तेच. न्यायशास्त्रात, म्हणजे कायद्यात नव्हे, जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, तो वादातला दोष आहे. त्याचं ठरलेलं उदाहरण ‘नवकंबल’. एक जण म्हणतो, या मुलाकडे नवी घोंगडी आहे. दुसरा ‘नव’चा अर्थ नऊ असा घेऊन विचारतो, कुठे आहेत नऊ, एकच तर दिसते. म्हणजे मुळात छल ही रडीच होती! मराठीत येऊन शब्द पीडेकडे सरकला.

प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे आभार. ‘छळ’ मला आधी फार जड वाटला होता. सासुरवासाच्या बातम्यांतला शब्द, गेमला कसा लावायचा? पण टॅम्प्लीज म्हटल्यावर वाड्यातली पोरं थांबायची. हे दोघं आवाज बंद केल्यावर लिहून बोलू लागले आणि खेळ संपल्यावर मागे आले. तेव्हा तोच शब्द बरोबर.

काल दोघी बसून तक्रार केली. तिथे चीटिंग आणि हॅरॅसमेंट असे वेगळे पर्याय होते. मुलीनं दुसरा निवडला. मग मी तिला पिदवणं म्हणजे काय ते सांगितलं. ती म्हणाली, “ते केलं असतं तर चाललं असतं. मी पण पिदवते की.”