नव्या हंगामाचे टेबल हिशेब विभागाला दिसत नाही : पोस्टग्रेस्क्यूएलमधील रोल आणि अधिकार

प्रश्न (बागाईतकर, नाशिक)
नमस्कार. पिंपळगाव बसवंत येथील एका द्राक्ष निर्यातदाराकडे मालाची आवक, वजन आणि बागायतदारांची देयके पोस्टग्रेस्क्यूएल १५ या डेटाबेस प्रणालीत नोंदवली जातात. हिशेब विभागासाठी 'हिशेब_वाचन' हा रोल (ज्याला अधिकार देता येतात अशी वापरकर्त्याची किंवा गटाची ओळख) तयार करून स्कीमातील (टेबलांच्या गटातील) सर्व टेबलांवर सिलेक्टचा, म्हणजे वाचनाचा, अधिकार दिला, तेव्हा सर्व काही सुरळीत होते. मात्र यंदाच्या आवकेचे नवे टेबल तयार झाल्यापासून त्यांना 'परमिशन डिनाइड' असा संदेश येतो. दर हंगामाला नव्याने ग्रँट (अधिकार देणारी आज्ञा) द्यावी लागते का? आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे लॉगिन कसे काढावे?

उत्तर (निफाडकर)
ग्रँटमधील 'ऑल टेबल्स' म्हणजे आज्ञा दिली त्या क्षणी असलेली टेबले. पुढे तयार होणारी त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' ही आज्ञा आहे. बहुतेक जण अडखळतात ते इथेच : ती फक्त आज्ञा देणाऱ्या रोलने, किंवा 'फॉर रोल' लिहून नमूद केलेल्या रोलने, तयार केलेल्या टेबलांना लागू होते. टेबले समजा 'आवक_मालक' हा रोल तयार करत असेल आणि आपण आज्ञा 'पोस्टग्रेस' या प्रशासक रोलने, 'फॉर रोल' न लिहिता दिली असेल, तर काहीही बदलणार नाही. यंदाचे टेबल आधीच तयार असल्यामुळे त्यावर एकदा स्वतंत्र ग्रँट द्यावीच लागेल. नंतर पीएसक्यूएलमध्ये (आज्ञा टंकून देण्याच्या साधनात) बॅकस्लॅश डीपी ही अधिकार दाखवणारी आज्ञा देऊन पाहा. रोलच्या नावापुढे 'आर' दिसला की सिलेक्ट मिळाले, 'ए' म्हणजे इन्सर्ट (नवी नोंद घालणे) आणि 'डब्ल्यू' म्हणजे अपडेट (नोंद बदलणे).

उत्तर (गोदाकाठ)
वरील उत्तराशी सहमत आहे. आवृत्ती १४ पासून 'पीजी_रीड_ऑल_डेटा' हा सर्व टेबले वाचू देणारा तयार रोल मिळतो, पण सोपा आहे म्हणून तो देऊ नये, कारण त्याने बागायतदारांचे बँक खाते क्रमांकही सर्वांना वाचता येतील. शेतकऱ्याने विश्वासाने दिलेली ही माहिती आहे. ते स्तंभ झाकायचे असतील तर केवळ त्या स्तंभांवर रिव्होक (अधिकार काढण्याची आज्ञा) देऊन भागत नाही. आधी पूर्ण टेबलावरचा सिलेक्ट काढून मग हवे तेवढेच स्तंभ ग्रँट करावे लागतात. डिफॉल्ट प्रिव्हिलेजेसमध्ये मात्र स्तंभनिहाय अधिकार ठरवता येत नाहीत, म्हणून देयकांची टेबले वेगळ्या स्कीमात ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

उत्तर (निफाडकर)
लॉगिनविषयी लिहायचे राहिले होते. अधिकार 'नोलॉगिन' रोलला (ज्याने थेट लॉगिन करता येत नाही) द्यावेत आणि प्रत्येक व्यक्तीचे वेगळे लॉगिन त्याचे सदस्य करावे. व्यक्ती गेल्यावर 'रीअसाइन ओन्ड' देऊन तिच्या मालकीच्या वस्तू दुसऱ्या रोलकडे सोपवाव्यात, मग उरलेले अधिकार काढण्यासाठी 'ड्रॉप ओन्ड' आणि शेवटी 'ड्रॉप रोल' द्यावे. हा क्रम उलटा केल्यास 'ड्रॉप ओन्ड' त्या वस्तूच, म्हणजे टेबलेसुद्धा, काढून टाकते. पहिल्या दोन आज्ञा चालू डेटाबेसपुरत्याच चालतात, त्यामुळे त्या व्यक्तीच्या वस्तू किंवा अधिकार ज्या ज्या डेटाबेसमध्ये असतील तिथे त्या वेगळ्या द्याव्या लागतील.