आधी मूळ चिपची प्रत काढून ठेवा
कोल्हापूरच्या राजारामपुरीतून घेतलेल्या एका जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) भलत्याच मॉडेलचे नाव दिसते, म्हणून कंपनीची बायोस फाइल थेट चढवावी, असा सल्ला एकाने दिला आहे; तो मला धोक्याचा वाटतो. प्रथम मदरबोर्डवर छापलेला क्रमांक वाचावा. तळाच्या स्टिकरवर विसंबू नये, कारण दुरुस्तीत बोर्डच बदललेला असू शकतो. मग बॅटरी सोडवून, बायोस जिच्यात साठवलेला असतो त्या आठ पायांच्या फ्लॅश चिपला क्लिप लावून प्रोग्रामरने (चिप वाचण्या-लिहिण्याच्या उपकरणाने) तिच्यातील मजकुराची प्रत दोनदा काढावी आणि दोन्ही तंतोतंत जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. चिप १.८ व्होल्टची असेल, तर ३.३ व्होल्ट तिच्या जिवावर बेततात. दुसऱ्या लॅपटॉपची प्रत जशीच्या तशी चढवली की त्याचा सिरियल क्रमांक आणि विंडोजची कीसुद्धा सोबत येते. इथला घोळ बहुधा तसाच झालेला आहे.