अनुभव धागा: घरचं म्हातारं माणूस, घरीच सेवा आणि खिसा

गोदाकाठ:
काल शेजारच्या वहिनी कमोडची खुर्ची मागायला आल्या, सासऱ्यांना अर्धांगवायू झालाय. माळ्यावरनं ती काढताना बाबांची अंथरुणातली वर्षं आठवली. परभणीत नर्सिंग ब्युरोकडून दिवसभराची बाई लावायची तर माझा अर्धाअधिक पगार गेला असता. शेवटी गल्लीतल्याच एक मावशी सकाळपुरत्या यायच्या, अंग पुसणं, कपडे, नाष्टा. दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीची पिशवी पलंगाच्या खालीच लटकवायची, बसवूनच भरवायचं, हे दवाखान्यातल्या सिस्टरनी त्यांना अन् आम्हाला शिकवलं. बाकी आम्ही. तुम्ही कसं भागवलं?

उदगीरची सून:
कुकर लागलाय तोवर लिहिते. पैशाचं नंतर, आधी झोपेचं बोला. दोन्ही नणंदा लातुरात, फोनवर रोज "आईला गरम देत जा गं". मी म्हणलं, एक रात्र येऊन काढा. थोरली आली. आता रात्रीच्या बाईचे पैसे तीच देते. धाकटीचा फोन चालूच आहे. शिट्टी झाली, येते.

बीडचा बंड्या:
आमच्यात तीन भाऊ. तिघांचं एकाच गोष्टीवर एकमत, दुसऱ्यानं करावं 😀

निवृत्त तलाठी:
सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरचं. बाईचा पगार, डायपर त्यात बसत नाहीत. लोक कार्ड काढून निश्चिंत होतात, म्हणून सांगतो. वस्तूंसाठी मुख्यमंत्री वयोश्री आहे. वय 65, कुटुंबाचं उत्पन्न 2 लाखांच्या आत, एकदाच 3000 रुपये, खात्यावर. काठी, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा त्यातून घ्यायचा. श्रावणबाळ पेन्शनचे महिन्याला 1500 वेगळे. खातं आधारला जोडलेलं नसलं की सगळं अडतं.

लातूरकर:
तलाठीकाका, आमच्या आईच्या बोटांचे ठसेच उमटत नव्हते. पेन्शनचा हयातीचा दाखला शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून झाला, घरातच. पण मला वेगळंच आठवलं. 2016 चा उन्हाळा, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं ते साल. आजी अंथरुणावर अन् रोज चादरी धुवायला पाणी कुठलं? जुन्या लुगड्यांचे तुकडे करून वाकळीवर टाकायचो, तेवढेच धुवायचे. डायपर परवडायचे ते रात्रीपुरते. नळाला पाणी आलं की आधी आजीची बादली, मग आमच्या अंघोळी.

गोदाकाठ:
अरे बाप रे. आणि त्या उन्हाळ्यात पडून पडून पाठीला जखमा नाही झाल्या?

लातूरकर:
जखम झालीच थोडी. मग हवेची गादी आणली. तर लाईट गेली की गादी बसायची! इन्व्हर्टरचा खर्च गादीहून जास्त.

बीडचा बंड्या:
आमच्याकडं लाईट अन् भाऊ, दोन्ही गरजेच्या वेळी गायब.

जालन्याची माई:
हवेची गादी आमच्याकडं पडून आहे, पंपासकट. विकायची नाही, कुणाला पाहिजे असेल तर वापरून परत द्या. अशा वस्तू फिरत्या ठेवल्या तरच परवडतं बघा.

उदगीरची सून:
माई मला!! पण जालना लांब पडतं.

जालन्याची माई:
कुणाला तरी पाठव ना.

उदगीरची सून:
मामंजीच येतील. पंचाहत्तरी झालीय, एसटी फुकट, रोज कुठंतरी जायचं निमित्तच शोधायलेत. फक्त जेवायला वाढू नका, थांबतील.