मदत हवी आहे: सायकल ट्रॅकची तरतूद अंदाजपत्रकातून गायब, हरकत कशी लिहू?

सकाळची_फेरी
थेट मुद्द्यावर येते. गेल्या वर्षी पालिकेच्या अंदाजपत्रकात सायकल ट्रॅकसाठी पैसे होते, यंदाच्या मसुद्यात दिसत नाहीत. विचारलं तर "निधी नाही" एवढंच उत्तर. सूचना-हरकतींची मुदत शुक्रवारी संपतेय. पत्रात नेमकं काय लिहिलं तर ते नुसतं फायलीला लागणार नाही, एवढंच सांगा. तयार मसुदा असेल तर इथेच टाका. सायकलीने तब्येत सुधारते, प्रदूषण कमी होतं हे मला माहीत आहे, ते कृपया नको.

जुना_अभियंता
ताई, नवा ट्रॅक की आहे त्याची दुरुस्ती? रस्ता पालिकेचा की दुसऱ्या सरकारी खात्याचा? आणि "दिसत नाहीत" म्हणजे रकमेच्या जागी शून्य आहे की ते लेखाशीर्षच, म्हणजे अंदाजपत्रकातलं त्या कामाचं खातंच, काढून टाकलंय? शीर्ष जिवंत असेल तर वर्षाच्या मधेही दुसरीकडचे पैसे त्यात वर्ग करून घेता येतात. शीर्षच गेलं असेल तर पुढचं सगळं अवघड. एवढं कळल्याशिवाय मसुदा देऊन उपयोग नाही.

लाल_दिवा
एका ट्रॅकसाठी भांडूच नका, जाळं मागा. नेदरलँड्समध्ये 1970च्या दशकात टिलबर्ग आणि द हेगमध्ये एकेक देखणा नमुना मार्ग केला, पण तेवढ्याने शहरात सायकली फारशा वाढल्या नाहीत. मग 1980च्या दशकात डेल्फ्टने शहरभर जोडलेलं जाळं केलं, तेव्हा फरक पडला. स्पेनमधल्या सेव्हिलने तर सुमारे 80 किलोमीटरचं जाळं 2006-07च्या सुमारास एका दमात उभं केलं. सुटे तुकडे म्हणजे पैसा पाण्यात.

तीन_पायऱ्या
आधी फुटपाथ. माझे सासरे 78 वर्षांचे आहेत, त्यांना दवाखान्यापर्यंत धड चालता येत नाही. सायकलवाला रस्त्यावरून तरी जाऊ शकतो, काठी टेकत चालणाऱ्याने कुठे जायचं? पालिकेकडे पैसे मागायचेच असतील तर चालणाऱ्यांचे मागा.

सकाळची_फेरी
तीन_पायऱ्या, तुमचं दुखणं खरं आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा ना. लाल_दिवा, मला जाळं नकोय, शुक्रवारपर्यंत पत्र हवंय.
जुना_अभियंता काका, ट्रॅक आहेच आधीपासून, शाळेकडे जाणारा, मुलीला रोज सायकलवर त्यावरूनच नेते. त्याचंच पुढचं काम होतं.

रंगाचा_डबा
पैसे नाहीत म्हणतात ना? मग पैसे लागणारच नाहीत असं काम मागा. रंगाचा पट्टा आणि लवचिक खुंट्या, झालं. पॅरिसने 2020च्या साथीत असे तात्पुरते पट्टे आखले आणि पुढे ते कायम केले. पिवळा रंग आणि चार माणसं असली की रातोरात काम होतं. काँक्रीटची वाट बघत बसलात तर मुलगी कॉलेजात जाईल.

लाल_दिवा
रंगाचा_डबा, अर्धीच गोष्ट सांगताय. पॅरिसमध्ये तात्पुरत्या पट्ट्यांच्या आधी 2015 ते 2020 अशी 15 कोटी युरोची सायकल योजना होती, आणि पुढच्या 2021 ते 2026च्या योजनेला 25 कोटी युरो. त्या पट्ट्यांच्या मागे तयार नकाशे आणि पैसे दोन्ही होते. नुसता रंग गाडीला अडवत नाही. आमच्याकडे पट्टा मारला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यावर मोटारी लागल्या.

रंगाचा_डबा
मी रंगाबरोबर खुंट्याही म्हटलंय, नीट वाचा. आणि ज्या आईला सोमवारी मुलीला घेऊन त्या रस्त्याने जायचंय तिला पाच वर्षांची योजना काय कामाची?

घरचा_हिशेब
मला एक मूलभूत प्रश्न आहे. सायकलवाले वाहनकर भरत नाहीत. मग त्यांच्यासाठी वेगळा रस्ता बाकीच्यांच्या खिशातून का?

जुना_अभियंता
घरचा_हिशेब, रस्त्याची झीज कशाने होते ते बघा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले आणि मोजमाप केलं. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की आसावरचं वजन दुप्पट झालं तर झीज सुमारे सोळापट होते. या हिशेबात सायकलने रस्ता खराब होण्याचा प्रश्नच येत नाही. पालिकेच्या तिजोरीत घरपट्टी येते, ती सायकलवालाही भरतो. उलट त्याचा हिस्सा त्याला परत मिळत नाही.
ताई, माझे बाकीचे दोन प्रश्न अजून तसेच आहेत.

मायेची_सावली
मुलीला हेल्मेट घेतलंत का? ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने 1990 मध्येच ते सक्तीचं केलं. मापाचं घ्या, मोठं होईल म्हणून ढिलं घेऊ नका. भुवईच्या वर दोन बोटं अंतर आणि हनुवटीखालचा पट्टा घट्ट.

सकाळची_फेरी
हेल्मेट आहे हो.
काका, आत्ता कागद काढून बसले. रस्ता पालिकेचाच आहे. मसुद्यात शीर्ष आहे, पुढे शून्य आहे. मी फक्त बेरीज बघितली होती, त्यामुळे लक्षात आलं नाही. आणि मागच्या महिन्यात त्यांचं लेखी उत्तरही आलंय. मला वाटलं तेच ते "निधी नाही", म्हणून इथे लिहिलं नाही. त्यातलं वाक्य असं: "सदर कामाची तरतूद अखर्चित राहिल्याने अन्य कामाकडे वर्ग करण्यात आली असून चालू वर्षी निधी उपलब्ध नाही."

जुना_अभियंता
अहो, हेच तर सगळ्यात आधी टाकायला हवं होतं! म्हणजे पैसे मंजूर होते आणि खर्च झाले नाहीत. तुमचं भांडण पैशाचं नाहीच, तयारीचं आहे.
मी रस्ते विभागात 26 वर्षं काढली, दुसऱ्या शहरात. दरवर्षी हेच बघितलं. एप्रिलमध्ये तरतूद होते. मग खांब हलवायला वीज कंपनीची परवानगी, झाडांची परवानगी, नकाशा पुन्हा सुधारायचा, तोवर दिवाळी. निविदा निघेपर्यंत जानेवारी उजाडतो. फेब्रुवारीत लेखा विभाग विचारतो, "हे पैसे लागणार आहेत का?" कुणी छातीठोक "हो" म्हणत नाही आणि पैसे डांबरीकरणाला जातात, कारण डांबर पंधरा दिवसांत टाकून बिल काढता येतं. सायकल ट्रॅक हे असं दुबळं शीर्ष आहे, कुणाचाही हात आधी तिथेच जातो.
काम नेमकं कुठे अडलं होतं?

सकाळची_फेरी
ट्रॅक शाळेच्या अलीकडे साधारण 200 मीटरवर संपतो, तिथे नाल्यावर लोखंडी जाळी आहे. जाळीच्या फटी चाकाच्या दिशेनेच आहेत, माझं पुढचं चाक दोनदा अडकलं. आता रोज तिथे उतरते, मुलीला खाली उतरवते, सायकल उचलून पलीकडे ठेवते. तेवढ्यात मागून बस येते. पुढे कडेला दोन विजेचे खांब आहेत. त्यापुढचा तुकडा व्हायचा होता. का झाला नाही, कुणी सांगत नाही.

लाल_दिवा
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी जाळ्याचं इतकं लावून धरलं नसतं. हा 200 मीटरचा तुकडा म्हणजेच जोडणी आहे. तो नसेल तर मागच्या सगळ्या ट्रॅकचा खर्च वाया, हे पत्रात लिहाच. आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2016 मध्ये वाहतुकीच्या अंदाजपत्रकातला निदान 20 टक्के वाटा चालण्या-सायकलीसाठी ठेवावा असं म्हटलंय, तेही टाका.

जुना_अभियंता
20 टक्क्यांचं शेवटी एका ओळीत टाका, त्यावर पत्र उभं करू नका. ते वाचून कारकून "धोरणात्मक बाब" असा शेरा मारून वर पाठवतो आणि तिथेच ते बसतं.
असं लिहा. लेखाशीर्षाचा क्रमांक, त्यांच्या उत्तराचा जावक क्रमांक आणि तारीख. मग तीन गोष्टी विचारा: तरतूद अखर्चित का राहिली, ती कोणत्या कामाकडे वर्ग केली आणि त्या बदलाला मंजुरी कधी मिळाली. मग मागणी करा: या शीर्षात नाला ते शाळा एवढ्या कामाची तरतूद करा, आणि खांब हलवण्याचा प्रस्ताव निविदेची वाट न बघता एप्रिलमध्येच पाठवा. जाळीचं वेगळं लिहा. ती देखभालीच्या पैशातून होते, त्याला भांडवली, म्हणजे नव्या बांधकामाची, तरतूद लागत नाही. आडव्या पट्ट्यांची जाळी बसवा म्हणावं. ते काम आठवड्याचं आहे आणि सुरक्षिततेचं आहे, त्याला नाही म्हणणं त्यांना जड जाईल.

रंगाचा_डबा
जाळीपासून शाळेच्या फाटकापर्यंत तोवर खुंट्या लावा, हेही टाकाच. काका, याला तुमची हरकत नसावी.

जुना_अभियंता
हरकत नाही, पण खांबांपाशी रुंदी मोजल्याशिवाय नको. डच नियमावली एका दिशेच्या ट्रॅकला 2 मीटर सुचवते. तिथे जेमतेम एक मीटर उरत असेल तर खुंट्यांमुळे सायकल उलट अडकेल.

तीन_पायऱ्या
त्याच पत्रात नाल्याजवळच्या फुटपाथचं एक वाक्य घालाल का? वेगळा धागा काढते, पण तोवर हे तरी.

सकाळची_फेरी
घालते, ताई. तिथे म्हातारी माणसंही रस्त्यावर उतरूनच चालतात, मी रोज बघते.

मोजपट्टी
आकडे घेऊन जा. कोपनहेगन 1995 पासून सायकलींचा हिशेब नियमाने छापतं, त्यामुळे तिथे पैसे मागताना वाद कमी होतात. शाळा भरायच्या आधी अर्धा तास त्या जाळीपाशी उभ्या राहा. किती सायकली आल्या, त्यांतल्या किती ट्रॅक सोडून आधीच रस्त्यावर उतरल्या, किती जण उतरून चालत गेले, असे तीन रकाने. तीन दिवस पुरे. जाळीचा फोटो वरून काढा, चाक फटीवर ठेवून.

सकाळची_फेरी
तीन दिवस नाहीत माझ्याकडे, आज मंगळवार. उद्या आणि परवा मोजते. उद्या सकाळी टेप घेऊन जातेय, खांबांपाशी किती जागा उरते ते इथे लिहीन. काका, पत्र लिहून उद्या रात्री टाकते, जावक क्रमांकाचं वाक्य तेवढं तपासून द्याल का?

जुना_अभियंता
टाका. दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.