शेळीच्या गोष्टीला 5 पैकी किती?

पाटीवरची_धूळ:

नमस्कार. मी जत तालुक्यात एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते. दहावीला 47 मुलं. गाव कर्नाटकच्या हद्दीला चिकटून, त्यामुळे निम्म्या घरांत कन्नडच. कागदोपत्री इंग्रजी ही यांची तृतीय भाषा, घरची भाषा धरली तर चौथी.

गेल्या आठवड्यात सरावाची तोंडी घेतली. विषय सोपा दिला, लक्षात राहिलेला एक दिवस. पहिल्या मुलीनं गाइडमधला 'माय बेस्ट फ्रेंड' धाडधाड म्हणून दाखवला. विषय काय, ती सांगतेय काय, पण चूक एकही नाही. मध्येच थांबवून मी विचारलं, "व्हाय डू यू लाइक हर?" ती गप्प झाली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू! (हसू आलं, पण दाबलं. मीही शाळेत हेच केलंय.)

मग एक मुलगा आला. खाली बघत, पँटची शिवण चिमटीत धरून. म्हणाला, "माय गोट सिक. नाइट. आय नो स्लीप. फादर कॉल डॉक्टर, डॉक्टर नॉट कम. आय गिव्ह हॉट वॉटर अँड गूळ. मॉर्निंग गोट स्टँड. आय क्राय." मी विचारलं, "व्हाय डिड यू क्राय?" तर म्हणाला, "हॅपी क्राय, मॅडम."

मी त्याला 5 पैकी 4 दिले, मुलीला 3. शेजारी बसलेल्या सहकारी सरांनी तिला 5 आणि याला 2. स्टाफरूममध्ये चहा निवेपर्यंत वाद. सर म्हणाले, "मॅडम, एक तरी क्रियापद धड आहे का त्याचं? पेपरात हेच लिहिलं तर बोर्डाचा परीक्षक किती देईल?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लेखीतही तेच. सहामाहीतली पत्रलेखनाची 10 उत्तरं, नावं झाकून, आठवड्यानं मीच परत तपासली. 5 गुणांचा प्रश्न, आणि चार उत्तरांचे गुण बदलले. एकाचे तर दोननं. माझंच माझ्याशी जुळत नाही, तर सरांशी काय जुळणार? तुम्ही लोक गुण नेमके कशाकशाला देता? आणि 47 जणांची तोंडी एका बाईनं घ्यायची कशी?

जुना_नियामक:

मॅडम, 10 उत्तरांत चारच बदलले म्हणजे तुम्ही बऱ्या परीक्षक आहात. मी बारा वर्षं नियामक होतो, म्हणजे परीक्षकांनी तपासलेले पेपर पुन्हा बघणारा; सकाळच्या गठ्ठ्यातला सढळ हात जेवणानंतर आखडलेला पाहिलाय. हे दुखणं नवं नाही. 1912 साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीची तीच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतली होती. 100 पैकी गुण साठीपासून नव्वदीच्या पुढंपर्यंत पसरले.

उपाय साधे आहेत. पूर्ण पेपर एका दमात तपासू नका. सगळ्यांची पत्रं आधी, मग सगळ्यांचे संवाद. पहिली दहा झाली की उलटं पहिल्याकडे या, तिथं हात सैल पडलेला असतो नाहीतर घट्ट. उत्तम पत्रामागून आलेलं मध्यम पत्र उगीच मार खातं, म्हणून दुसऱ्या फेरीला गठ्ठा पिसून घ्या. आणि अक्षराला भुलू नका. वळणदार अक्षराला अर्धा गुण जास्त जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही, मला स्वतःला लागला नव्हता.

तोंडीबद्दल मात्र तुमच्या सरांचं ऐकू नका. 80 ची लेखी असते ना व्याकरण बघायला? मग तोंडी वगैरेच्या अंतर्गत 20 मध्ये तेच परत कशाला? बाकी खरी बोंब वेगळीच आहे. बहुतेक शाळांत हे 20 गुण प्रसादासारखे वाटले जातात, शेवटच्या पोराला 16 आणि हुशार पोराला 19. 2019 ला भाषांचे अंतर्गत गुण काढले, तेव्हा दहावीचा निकाल 89.41 टक्क्यांवरून थेट 77.10 वर आला. नवा अभ्यासक्रमही त्याच वर्षी होता, सगळा दोष त्यावर टाकत नाही. पण पुढच्या वर्षी 20 गुण परत आले आणि निकाल 95.30. प्रसाद किती वाटला जात होता, याचा अंदाज करा.

कोथरूडची_क्लासवाली:

धूळताई, (हे नाव का घेतलंत हो!) मी पुण्यात आयेल्ट्सचे, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचे, वर्ग घेते. माझी मुलं परदेशी जाणारी, तुमची जतची, तरी रोग एकच. पाठांतर.

तिथं बोलण्याचे चार निकष आहेत: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चौघांचं वजन सारखं. म्हणजे व्याकरण हा चौथा हिस्सा, तुमच्या सरांसारखा सोळा आणे नव्हे. उच्चारातही साहेबासारखं बोलतोय का हे बघत नाहीत, ऐकणाऱ्याला कळतंय का हे बघतात. तुमची कन्नडभाषक मुलं 'एट'ला 'येट' म्हणत असतील तर म्हणू द्या, आठच कळतं.

सगळ्या चुका एका मापानं मोजू नका. 'माय फादर इज फार्मर' यात 'अ' राहिला, कारण मराठीत ती भानगडच नाही, पण बाप शेतकरी आहे हे कळलं. 'यस्टर्डे आय हॅड गॉन' हे आपल्या 'काल गेलो होतो'चं सरळ भाषांतर, तेही कळतं. 'आय विल कम यस्टर्डे' म्हटलं की मात्र ऐकणारा अडतो. अडवणारी चूक कापायची, न अडवणारी वहीत टिपून शिकवायला ठेवायची.

शेळीच्या गोष्टीत काय घडलं, कोणी काय केलं, शेवट काय, सगळं कळलं. वर उलटप्रश्नाला उत्तर. ओघाला चांगले गुण, शब्दांना मध्यम, व्याकरणाला कमी. एकूण 5 पैकी 3 म्हणेन, 4 नाही. तुम्हाला शेळी आवडली, ताई. आणि मुलीला 2. पाठ केलेलं म्हणून दाखवणं म्हणजे बोलणं नाही.

वेळेचं गणित: 47 जणांना पाच-पाच मिनिटं म्हणजे 235, चाळीस मिनिटांच्या जवळजवळ सहा तासिका गेल्या. केंब्रिजच्या परीक्षांत दोघांना समोरासमोर बसवतात, एक परीक्षक बोलतो, दुसरा नुसता गुण देतो. जोड्या लावा, जोडीला सहा मिनिटं. चार तासिकांत आटपेल. विषयाची चिठ्ठी जागेवर उचलायची, विचाराला एक मिनिट. गाइड आपोआप गळतं.

शिरोळचा_आता_बंगळुरूत:

मी शिक्षक नाही, असल्या तोंडीत शून्य बोललेला माजी विद्यार्थी. एकच सांगतो. मॅडम खुर्चीत, मी उभा, मागं खिडकीत सगळा वर्ग दात काढतोय. माझं नावसुद्धा मला इंग्रजीत आठवेना. आज दिवसभर फोनवर इंग्रजीतच बोलतो, पगार त्याचाच मिळतो. पोरांना बसवा आणि खिडकी लावून घ्या.

पाटीवरची_धूळ:

सगळ्यांचे आभार, करून बघितलं ते सांगते.

खिडकी लावली. जोडीनं बसवलं. मी बोलायचं, सरांनी नुसतं लिहायचं, चार रकाने आखून. चिठ्ठ्यांवर विषय गावातलेच: टँकर आला नाही तो दिवस, डाळिंबावरची फवारणी, यल्लम्माची जत्रा, मोडलेली एसटी. बारा जोड्या झाल्यावर मी आणि सरांनी गुण ताडून पाहिले. आधी दोन-तीन गुणांचा फरक पडत होता, आता बहुतेक ठिकाणी एकाचा. दोन मुलांवर अजून भांडण आहे. शेळीवाल्याच्या 3 वर दोघांची सही झाली. क्लासवाल्या ताईंचं बरोबर होतं, मला शेळी आवडली होती.

'बेस्ट फ्रेंड'वालीला जत्रेची चिठ्ठी आली. मिनिटभर नुसती बघत राहिली. मग, "मेनी बँगल. आय बाय ग्रीन. मदर से, व्हाय ग्रीन, यू आर नॉट मॅरीड." जोडीदारीण खो खो हसली, हीसुद्धा. सरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "देन?" तोंडीत सरांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न.

लेखीला गठ्ठा पिसायचं अजून जमलेलं नाही, बघते.

एक अडचण उरलीच आहे. वर्गात एक मुलगी आहे, पत्र सगळ्यांत छान लिहिते, स्वतःचं, गाइडचं नव्हे. बोलत मात्र कुठल्याच भाषेत नाही, मराठीत नाही, घरी कन्नडमध्येही फार नाही असं तिची आई सांगते. "ओपन द विंडो" म्हटलं की उठून खिडकी उघडते, म्हणजे समजतं सगळं. जोडीत बसवली तर जोडीदारीणच दोघींचं बोलली. तिच्या रकान्यांत मी अजून काही लिहिलेलं नाही. जुने नियामक, तुमच्या बारा वर्षांत असं कोणी आलं होतं का? काय लिहिलंत?