पुराच्या आधी घरात काय काय तयार ठेवता?

आमचं गाव वैनगंगेच्या काठावर. २०२० च्या ऑगस्टमध्ये रातच्याला पाणी शिरलं तं सातबारा, पासबुक सगळं भिजलं, आई म्हातारी, तिच्या बीपीच्या गोळ्याही वाहून गेल्या. यंदा आधीच तयारी करायची आहे, सांगा जरा.

↳ भाऊ, कागदं जाड पन्नीत बांधून एकाच पिशवीत ठेवजा, सोबत आईच्या पंधरा दिवसाच्या गोळ्या, टॉर्च, चार्ज केलेला पावरबँक. पाणी अंगणात आलं की मेन स्विच बंद. आणि ढोरं दाव्याले बांधून सोडून जाऊ नका, आमची एक गाय तशीच गेली, अजून जीव तुटते.

↳ पुरात साप घरात येतात हे कोणी सांगत नाही. चावला तं चिरा मारू नका, दोरी आवळू नका, मांत्रिकाकडं तं बिलकुल नाही, हातपाय हलू न देता १०८ ले फोन करून सरळ दवाखाना.

↳ वीज पडण्याचा इशारा आधी मिळावा म्हणून मोबाईलमध्ये दामिनी ॲप टाका. वावरात असाल तं झाडाखाली थांबू नका.

↳ ओसरल्यावर विहिरीचं पाणी उकळूनच प्या, आमच्याकडं खरी बिमारी तवाच आली होती.