काटा हलत नाही म्हणून व्यायाम सोडू नका

दादा, वजन उतरत नाही म्हणून व्यायाम सोडावा का, असं पोस्टमध्ये विचारलंत; पण वजन तेवढंच असून पँट सैल झाली, असंही तुम्हीच लिहिलंय. म्हणजे चरबी उतरतेय आणि स्नायू भरताहेत. नव्याने वजनं उचलणाऱ्याचं दोन्ही एकदम होतं. काट्याला ते कळत नाही, म्हणून दर रविवारी उपाशीपोटी बेंबीपाशी टेप लावून माप लिहून ठेवा.

तुमच्या पोस्टखाली कुणीतरी जेवण निम्मं करायला सांगितलंय, ते अजिबात करू नका. रोजच्या गरजेपेक्षा ३००-५०० कॅलरी कमी पुरेत, आणि प्रथिनं किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास. ८० किलोच्या माणसाला साधारण १३० ग्रॅम. अंड्यात सहाच ग्रॅम येतात, तेव्हा हिशेब लावाच.

आपल्या कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मलाही आवडतं, पण म्हशीच्या अर्ध्या लिटरात तिशीच्या पुढे ग्रॅम चरबी असते. दिवसभर घाम गाळणाऱ्या पैलवानाला ते पचतं, खुर्चीत बसणाऱ्याला नाही. मटणाच्या फोडी खा, पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी टाळा. त्यात नारळाचं दूध असतं.

आणि कंटाळा येतो म्हणताय, तर जोडीदार धरा. तालमीत जोर एकट्यानं मारत नाहीत. संध्याकाळी रंकाळा तलावावर येत असाल तर सांगा, मी असतो.